नाव वगळण्याची विनंती : आधी निदान, मग चिकित्सा



आपल्या संघटनेने अमरावती व अकोला जिल्ह्यांतील वैद्यांची व आयुर्वेदीय औषधी दुकानांची सूची संकेतस्थळावर ठेवली, त्या वेळी आपले नाव त्यात यावे म्हणून सर्वांचीच घाई होती. आता मात्र ‘आमचे नाव काढा’ अशा विनंत्या येऊ लागल्या आहेत. सूचीचे काम काही काळ माझ्याकडे असल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिणे मी कर्तव्य समजतो. प्रारंभीच माझी एक चूक कबूल करतो.

अकोल्यातील एका औषधी दुकानाच्या नावाने मला दूरध्वनी आला. ‘दुकान बंद झाले, नोंद काढून टाका,’ एवढेच बोलणे झाले. मी त्याच दिवशी नोंद काढली. महिन्याभराने दुकानाचे मालक स्वतः अमरावतीस आले. दुकान सुरूच होते. भावाभावांच्या वाटणीच्या वादातून कोणीतरी तो दूरध्वनी केला होता. दरम्यान मूर्तिजापूरकडील त्यांची काही जुनी गिऱ्हाईके ‘दुकान उठले’ असे समजून दुसरीकडे वळली होती. मी क्षमा मागितली व नोंद पूर्ववत केली. पण गेलेले गिऱ्हाईक क्षमेने परत येत नाही.

या चुकीचे गांभीर्य विक्रेत्यांच्या बाबतीत अधिक आहे. वैद्याचे नाव आपल्या सूचीतून गेले तरी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनच्या नोंदवहीत ते राहते. दुकानाचे तसे नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही. त्यामुळे अशा दुकानांची परवान्यांवरून तयार झालेली शासकीय यादीही नाही. खेड्यातून येणाऱ्या रुग्णास आपली सूची हाच आधार असतो.

याचा अर्थ विनंती नाकारावी असा मुळीच नाही. एका खासगी सूचीत माझ्या जुन्या दवाखान्याचा पत्ता मी जागा सोडल्यानंतरही कित्येक वर्षे झळकत होता. दुरुस्तीची विनंती केली की उत्तरादाखल सशुल्क जाहिरातीचा प्रस्ताव येई. एक वृद्ध रुग्ण उन्हातान्हात त्या बंद दारापर्यंत जाऊन परतले, हे मला नंतर कळले. जो जाच आपण सोसला, तो आपल्या सूचीने इतरांस देऊ नये.

या संदर्भात जर्मनीतील दोन निवाडे उद्बोधक आहेत. तेथील ‘यामेडा’ या वैद्यकसूचीतून नाव काढावे, अशी एका स्त्रीरोगतज्ज्ञाची मागणी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ साली फेटाळली. मात्र २०१८ साली कोलोन येथील एका त्वचारोगतज्ज्ञ महिलेची तशीच मागणी त्याच न्यायालयाने मान्य केली. शुल्क न देणाऱ्या डॉक्टरांच्या पानावर शुल्क देणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात दाखविली जात होती. म्हणून ती सूची तटस्थ राहिली नाही, असे न्यायालयाने ठरविले. आपल्या सूचीच्या पानांवर जाहिराती घ्याव्यात, अशी सूचना काही सभासद करतात. त्यांनी हा निवाडा अवश्य विचारात घ्यावा.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने व्यक्तीस आपली माहिती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. हा हक्क व्यक्तीचा आहे, दुकानाचा नाही. तरीही एकट्याच्या दवाखान्यात वैद्याचा घरचा क्रमांक व व्यवसायाचा क्रमांक अनेकदा एकच असतो, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

काही स्नेही म्हणतात, ‘नाव ज्याचे त्याचे, काढ म्हटले की काढावे, चौकशी कशाला?’ मला हे अर्धेच मान्य आहे. कारण सांगण्याची सक्ती नसावी. परंतु विनंती करणारा कोण, याची खातरजमा झालीच पाहिजे. निदानावाचून चिकित्सा करू नये, हा आपला नित्याचा धर्म येथेही लागू आहे.

म्हणून माझी सूचना अशी : विनंती लेखीच घ्यावी. वैद्याचा नोंदणी क्रमांक किंवा दुकानाची दुकाने अधिनियमाखालील पावती पाहावी. सूचीतील जुन्या क्रमांकावर उलट दूरध्वनी करावा. भागीदारी असल्यास सर्व भागीदारांची संमती घ्यावी. केवळ क्रमांक वा पत्ता खटकत असेल, तर तेवढाच काढण्याचा पर्याय द्यावा. वैद्य निवर्तले असल्यास कुटुंबीयांस हेलपाटे घालावयास लावू नयेत. एखाद्याविरुद्ध तक्रार प्रलंबित असेल, तर नाव वगळल्याने चौकशी थांबत नाही, हे त्यास लेखी कळवावे. ओळख पटल्यावर पंधरा दिवसांत, कोणतेही शुल्क न घेता, नोंद काढावी व तसे कळवावे.

येत्या सर्वसाधारण सभेत यावर ठराव व्हावा, ही नम्र विनंती. सूचीवर रुग्ण विश्वास ठेवतो, तो तिच्यातील नावे खरी असतात म्हणून. आणि सभासद आपले नाव तिच्या हवाली करतो, ते मागितल्यावर परत मिळेल या भरवशावर. हे दोन्ही विश्वास सांभाळणे आपल्याच हाती आहे.