लेकीच्या डॉक्टरकीसाठी बियाण्याचा धान विकू नका



मागे वडशाला एक दिवसाची कार्यशाळा घेतली होती. विषय नेहमीचाच, छोट्या दुकानाचा हिशोब. कार्यक्रम संपला, लोक पांगले. मी बॅग भरत होतो, तर एक काका दारात थांबलेले. बाजारात त्यांचं ढेप, सरकी आणि कोंड्याचं दुकान आहे. मला वाटलं उधारीचं काहीतरी विचारतील.

"सर, दुकानाचं नाही, पोरीचं विचारायचं होतं जी. ती म्हणते का मी ढोरायचीच डॉक्टर होतो. तिचा मामा म्हणते, पोरीवर एवढा पैसा कायले लावता."

मुलीनं नीट दिली होती. महाराष्ट्राच्या यादीत नंबर लागला नाही. मग एका एजंटचा फोन आला. दुसऱ्या राज्यात खासगी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, सीट पक्की करून देतो, आठ दिवसांत ५० हजार भरा. काकांनी ठरवूनच टाकलं होतं. दीड एकर धानाची बांधी विकायची, आणि कमी पडलं तर दुकानातला माल कमी करायचा.

त्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं ते आज सविस्तर लिहितो. कारण ही गोष्ट फक्त शिक्षणाची नाही, भांडवलाची आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण घरातल्या कुणाच्या तरी फीसाठी दुकानाच्या गल्ल्यात हात घालतात आणि दोन वर्षांनी दुकान का बसलं ते शोधत राहतात.

माझं मत आधीच सांगतो. मुलीला बाहेर पाठवा, जरूर पाठवा. पण दुकान विकून नाही. मामांच्या प्रश्नाला तर मी उत्तरच देत नाही. पोरगी की पोरगा हा हिशोबातला आकडाच नाही.

आधी दारं किती आहेत ते बघा

एजंट तुम्हाला एकच दार दाखवतो. दारं तीन आहेत.

पहिलं दार महाराष्ट्राचं. आपल्याकडे पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ करतं. नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ ही जुनी कॉलेजं त्याच्याखाली येतात. मुंबईचं कॉलेज १८८६ चं, नागपूरचं १९५८ चं.

दुसरं दार अखिल भारतीय कोट्याचं. देशभरातल्या सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद नीटच्या मार्कांवर भरते. यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. नीटचा फॉर्म भरला म्हणजे झालं, असं नाही. काकांना हे माहीतच नव्हतं. वडशाहून गोंदियाला गाडीनं गेलं की पुढे हावडा लाइनवर दुर्ग आहे, तिथल्या अंजोऱ्याला छत्तीसगडचं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे. गोंदियाहूनच वर जबलपूरला गेलं तर मध्य प्रदेशचं. म्हणजे बाहेरचं राज्य म्हटलं की लगेच परदेश नाही झाला. आपल्या वडशाच्या माणसाला हिंदीचीही अडचण नाही.

तिसरं दार बाहेरच्या राज्यातल्या खासगी कॉलेजचं. तेही बेकायदा नाही. पण तिथेही सहसा नीट लागते आणि त्या राज्याची प्रवेश प्रक्रिया लागते. त्यामुळे "सीट माझ्या खिशात आहे" म्हणणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. शिवाय त्या कॉलेजला, आणि त्याच वर्षीच्या बॅचला, परिषदेची परवानगी आहे का ते परिषदेच्या यादीत स्वतः बघा. मान्यता नसेल तर पदवी हातात येईल, नोंदणी होणार नाही. आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही. मान्यता असेल तर मात्र कुठल्याही राज्यातून शिकून या, महाराष्ट्र परिषदेत नोंदणी होते.

आता गणित मांडू

कोर्स साडेपाच वर्षांचा. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रत्येक कॉलेजची फी वेगळी असते, म्हणून मी समजायला सोपे आकडे धरतो. तुम्ही तुमचे घाला.

समजा फी वर्षाला २ लाख. साडेचार वर्षांचे झाले ९ लाख. राहणं, जेवण, पुस्तकं, येणं-जाणं मिळून महिन्याला १० हजार. साडेपाच वर्षं म्हणजे ६६ महिने, म्हणून ६ लाख ६० हजार. एकूण १५ लाख ६० हजार.

काकांना वाटत होतं की खर्च "आठ-नऊ लाख" आहे. एजंटनं फक्त फी सांगितली होती. दुकानात आपण हीच चूक करतो ना? मालाची किंमत धरतो, गाडीभाडं आणि हमाली विसरतो.

आता समजा १० लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, १० टक्के व्याजानं. बँक दरवर्षी २ लाख देते, पाच वर्षं. हप्ता सुरू होतो कोर्स संपल्यावर एक वर्षानं. पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालू असतं. सरळव्याजानं हिशोब केला तर हप्ता सुरू होईपर्यंत साडेचार लाख व्याज चढलेलं असतं. कर्ज झालं साडेचौदा लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १९ हजार रुपये.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कर्ज घेणारच असाल तर दोन गोष्टी. एक, साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेमुळे तारण लागत नाही. त्याच्यावर गेलात की बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा खूश नसतात. दोन, शिकत असताना दरमहा व्याज भरत गेलात तर बोजा वाढत नाही, आणि काही बँका व्याजदरातही थोडी सूट देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती ठरावीक संस्थांच्या यादीपुरतीच. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी बघा, नंतर नाही.

राज्याची सीमा ओलांडली की सवलतही मागे राहते

ही गोष्ट कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा, आणि कॉलेज महाराष्ट्रातलं हवं. काकांची मुलगी ओबीसी. म्हणजे तिच्या बाबतीत तुलना "इथली फी आणि तिथली फी" अशी नाही, तर "इथे फी माफ आणि तिथे ९ लाख" अशी आहे.

एससी, एसटी मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती बाहेरच्या राज्यात शिकतानाही आपल्याच राज्याकडून मिळते, उत्पन्नाची मर्यादा पाळून. पण फी भरण्याआधी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात जाऊन लेखी विचारा. "मिळून जाईल" हे उत्तर नाही.

मग मी काकांना विचारलं, पोरगी अजून एक वर्ष नीटची तयारी करायला तयार आहे का? क्लास, नागपूरला राहणं, सगळं धरून लाख-सव्वा लाख जाईल. पण मार्क वाढले तर पहिलं किंवा दुसरं दार उघडेल. सव्वा लाखाची जोखीम घेऊन ९ लाख वाचण्याची शक्यता असेल, तर धंद्यातला माणूस काय करेल? "एक वर्ष वाया गेलं" असं नातेवाईक म्हणतील. म्हणू द्या. हप्ता नातेवाईक भरणार नाहीत.

डॉक्टर होऊन वडशाला परत आली, तर कमाई काय?

आता तो १९ हजारांचा आकडा काढा. समजा ती गावोगाव जाऊन व्हिजिटचे २०० रुपये घेते. फक्त बँकेच्या हप्त्यासाठी महिन्याला ९५ व्हिजिट. पेट्रोल, औषधं, घरखर्च अजून बाकीच आहे. आणि आपल्याकडे शेतकऱ्याला सरकारी दवाखान्यात नाममात्र पैशात काम करून घ्यायची सवय आहे, १९६२ ला फोन लावला की फिरतं पथकही येतं. तो २०० रुपये सुखानं देणार नाही.

तुम्ही म्हणाल, सर, सरकारी नोकरी आहे ना! आहे. २०२५ मध्ये एमपीएससीनं पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ पदांची जाहिरात काढली. मोठी संधी होती. पण अशी जाहिरात दरवर्षी निघत नाही. तुमची मुलगी पास होईल त्या वर्षी निघेलच, हे कोण लिहून देणार? नोकरी लागली तर सोन्याहून पिवळं, पण कर्जाचा हिशोब तिच्या भरवशावर बसवू नका. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने, पोल्ट्री कंपन्या, डेअरी, विमा, बँका अशी कामं आहेत, पण मग पोरगी वडशाला राहणार नाही. हे घरात आजच बोलून घ्या.

आणि आता माझा खरा मुद्दा.

काकांच्या दुकानात रोज कोण येतं? गाय, म्हैस, बकऱ्या पाळणारी माणसं. कुणाचं ढोर आजारी आहे, कुणाच्या बकऱ्यांत मर लागली, हे डॉक्टरच्या आधी काकांना कळतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढच्या प्रकल्पाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे. असे कळप उभे राहिले तर त्यांना पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसीचं वेळापत्रक, खाद्य, गाभण शेळ्यांची तपासणी, हे सगळं लागणार. एकेका व्हिजिटला २०० रुपये मागण्यापेक्षा कळपाचा वार्षिक करार आणि सोबत खाद्य, मिनरल मिक्स्चर. हा धंदा वडशात चालू शकतो. आणि त्याचं अर्धं भांडवल आज काकांच्या दुकानात तयार आहे. ते म्हणजे गिऱ्हाईक आणि त्याचा विश्वास.

ते दुकानच रिकामं केलं तर पोरगी पदवी घेऊन परत येईल कुठे? बियाण्यासाठी ठेवलेला धान उन्हाळ्यात खाल्ला की पावसाळ्यात बांधीत काय टाकणार? दुकान हा त्या मुलीचा बियाण्याचा धान आहे.

मी काकांना काय सांगितलं

१. एजंटला ५० हजार देऊ नका. घाई तो करतोय, तुम्ही नाही.

२. राज्य आणि अखिल भारतीय, दोन्ही नोंदणी मुलीनं स्वतः करायची. तारखा भिंतीवर लिहून ठेवायच्या.

३. दुर्ग, जबलपूर, कुठलीही सरकारी सीट मिळाली तर डोळे मिटून पाठवा. त्यासाठी कर्ज काढलं तरी चालेल.

४. नाहीच मिळाली, तर एक वर्ष पुन्हा प्रयत्न. एकच वर्ष, हे आधी ठरवून.

५. शेवटी खासगीतच घालायचं ठरलं, तर कॉलेज मान्यताप्राप्त हवं, कर्ज साडेसात लाखांच्या आत हवं आणि दुकानाच्या खेळत्या भांडवलाला हात लावायचा नाही. यातली एकही अट पुरी होत नसेल तर थांबा.

६. बांधी विकायची वेळ आली तर तो निर्णय मुलीला समोर बसवून घ्या. तिच्या नावावर किती खर्च होतोय हे तिला माहीत असायलाच हवं. अपराधी वाटावं म्हणून नाही, भागीदार व्हावी म्हणून.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, पोरीले फोन लावून देऊ का? तुमीच सांगा."

मी म्हटलं, "नाही काका. कागद घ्या, हाच हिशोब तुम्ही तिला करून दाखवा. बापानं मांडलेला हिशोब पोरगी जन्मभर विसरत नाही."

काकांनी काय ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी एजंटचा फोन उचलला नाही, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

तुमच्या घरातही असा फीचा प्रश्न असेल तर आज रात्री वही काढा. वरचे आकडे खोडा, तुमचे लिहा. आणि शेवटी एकच प्रश्न विचारा. या खर्चानंतर माझा धंदा उभा राहतो का? उत्तर "नाही" आलं तर शिक्षण थांबवू नका, रस्ता बदला.

भेटू पुढच्या व्हिडिओत.