सायकलवरचा जीएसटी घटला. अंधेरीत कामाला असलेल्या पोरांनी कोणती घ्यावी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ५,००० असेल तर ३५० रुपये वाचतात. बिलावर टक्का बघूनच पैसे द्यावेत.

गावाकडची कितीतरी पोरं अंधेरीत खोली घेऊन सीप्झ, एमआयडीसीत कामाला आहेत. दुकानदार त्यांच्यापुढे जाड टायर, शॉकअपवाली सायकल करतो. दिसायला झकास, पण सिमेंटच्या रस्त्यावर नुसती जड. रोजच्या कामाला बारीक टायर, मडगार्ड, कॅरिअरची साधी सायकल बरी. पश्चिमेला राहणाऱ्याचं वेगळं. पावसात अंधेरी सबवे तुंबला की गोखले पुलाचा चढ चढावा लागतो, त्याला गिअर हवेत. वाचलेल्या ३५० मध्ये साखळी-कुलूप घ्यावं, चाळीत सायकल रात्रभर बाहेरच उभी असते.