एंट्रॉपी, निरीक्षण आणि समीक्षेची उसनवारी

पाहणे म्हणजे ढवळणे, सबब वाचन ही संहितेत अव्यवस्था वाढवणारीच कृती होय, असे एंट्रॉपीच्या आधारे मांडणाऱ्या समीक्षेने भौतिकीचा जो दाखला घेतला, तो भौतिकीने केव्हाच मागे घेतला आहे.

१८६७ मध्ये मॅक्सवेलने कल्पिलेला सूक्ष्म जीव (त्याला ‘राक्षस’ ही पदवी केल्व्हिनची) वायूच्या दोन कप्प्यांमधील दारापाशी बसून वेगवान व मंद रेणू वेगळे करतो आणि श्रम न खर्चता एंट्रॉपी घटवतो. १९२९ मध्ये झिलार्डने हे कोडे मोजमापाशी जोडले. १९५१ मध्ये ब्रिल्वांने म्हटले की रेणू पाहण्यासाठी त्यावर प्रकाश टाकावा लागतो आणि त्या प्रकाशाची किंमत राक्षसाची सारी कमाई गिळते. समीक्षा येथेच थांबली. परंतु नोंद पुसण्याला अटळ किंमत पडते, हे लँडावरने १९६१ मध्ये मांडले. आणि मोजमाप मात्र तत्त्वतः विनामूल्य होऊ शकते, हे बेनेटने १९८२ मध्ये दाखवले. एक बिट पुसण्यास खोलीच्या तापमानाला किमान सुमारे ३×१०⁻²¹ जूल उष्णता बाहेर टाकावी लागते. २०१२ मध्ये या मर्यादेची प्रायोगिक तपासणीही झाली. अर्मन आणि नॉर्टन यांनी या उत्तरावर चक्राकार युक्तिवादाचा आक्षेप घेतला आहे, तो गंभीर आहे. पण त्यातून ब्रिल्वांचे पुनर्वसन होत नाही.

पिंचनच्या ‘द क्राइंग ऑफ लॉट ४९’ (१९६६) या कादंबरीचे नेहमीचे विवेचन याच जुन्या दाखल्यावर उभे आहे. इडिपा जितके पाहते तितका गोंधळ वाढतो, असे ते सांगते. वास्तविक इडिपाची अडचण पाहण्यात नाहीच. भोंग्याची एकही खूण तिला टाकून देता येत नाही; स्मृती भरत जाते आणि निवाडा लांबतो. हीदेखील उपमाच, हे मान्य. मात्र उपमा घ्यायची तर चालू नाण्यातली घ्यावी, बाद झालेल्या नोटेची नव्हे.

शॅननच्या १९४८ च्या ‘माहिती’चीही अशीच गत झाली आहे. ती शक्य पर्यायांतून होणाऱ्या निवडीचे मोजमाप आहे, अर्थाशी तिला कर्तव्य नाही. यदृच्छ अक्षरांच्या ओळीत ती सर्वाधिक भरते. तिलाच ‘अर्थसमृद्धी’ म्हणून साहित्यकृतीच्या पदरात टाकणे हा निव्वळ शब्दसाम्याचा लाभ उठवणे आहे. दोन एंट्रॉपींच्या समीकरणांतील साम्य हा योगायोग असल्याचे कादंबरीतील यंत्रकर्ता नेफास्टिसही कबूल करतो, आणि राक्षसाच्या भरवशावर तो योगायोग सत्य ठरवू पाहतो. इडिपा त्याच्या पेटीपुढे बसून राहते. दट्ट्या हलत नाही.