फ्रिजच्या दारातलं बोंड



गेल्या वर्षी संवत्सरी झाल्यावर आम्ही अकरा जणी बद्रीनाथकडे गेलो आणि वाटेत फुलांची दरी बघून आलो. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. सासूबाईंची कुरकुरही तुम्हाला ठाऊक आहे. साध्वीजी चातुर्मासात एका जागी थांबतात ते हिरवळ आणि जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून, आणि तुम्ही नेमक्या याच दिवसांत हिरवळ तुडवायला निघालात! मी तेव्हा हसून विषय टाळला. आज जे लिहिते आहे ते वाचून त्या म्हणतील, मी सांगितलंच होतं.

तर झालं असं. दरीत बरंच आत, दगडांच्या एका उतारावर निळ्या पॉपीची झाडं होती. सप्टेंबर उलटत आला होता, त्यामुळे फुलं संपली होती आणि वाळलेली बोंडं उभी होती. मी इकडेतिकडे पाहिलं, एक बोंड खुडलं, रुमालात गुंडाळलं आणि कमरेच्या पाऊचमध्ये टाकलं. त्या झाडाला अंगभर काटे असतात. ते बोटात रुतून दोन दिवस ठसठसत होते. गंमत बघा, ही निळी पॉपी खसखशीच्या कुळातली. बहुबीज म्हणून आमच्या घरात खसखस येत नाही, आणि मी खसखशीच्या बहिणीचं बोंड हिमालयातून उचलून आणलं.

परतीच्या वाटेवर दरीतच एक थडगं आहे. जोन मार्गारेट लेग या इंग्रज बाईचं. १९३९ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ती इथली झाडं गोळा करायला आली होती. उतारावरून पाय घसरला आणि ती गेली. पुढे तिच्या बहिणीने येऊन तिथे दगड बसवला. आम्ही जरा वेळ बसलो. आमच्यातली एक जण जवळचं फूल तोडून तिथे ठेवायला निघाली, तर मीच तिला म्हटलं, अगं, तोडू नकोस, इथे काहीच तोडायचं नसतं. हे म्हणताना बोंड माझ्या पाऊचमध्ये होतं.

संध्याकाळी घांघरियात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची आमची धांदल चालली होती. मी रुमाल उलगडून बोंड नीट आहे ना ते पाहिलं. चहाच्या टपरीवरच्या बाईने ते पाहिलं. ती खालच्या भ्यूंडार गावची. रागावली वगैरे नाही. भांडी विसळता विसळता एवढंच म्हणाली, "दीदी, हमको तो वहाँ घास भी नहीं काटने देते."

खरंच आहे ते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यानंतर दरीत मेंढ्या चारणं बंद झालं. त्याआधी या लोकांची जनावरं उन्हाळ्यात तिथेच असायची. त्यांनी आपलं कुरण सोडलं ते ही झाडं राहावीत म्हणून. (चराई थांबल्यावर अमेला नावाचं झुडूप इतकं माजलं की आता माणसं लावून ते उपटावं लागतं. पण तो वाद निराळा.) २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत दरीचं नाव आलं. आणि मी तिकीट काढून एका दिवसात आत गेले आणि घेऊन आले.

त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणार नाही. दिवसभर चालले होते, गाढ झोपले. पण घरी आल्यावर मात्र मी या विषयावर वाचत सुटले, आणि तेव्हा कळलं की हे वेड माझं एकटीचं नाही.

या दरीला फुलांची दरी म्हणून जगात ओळख मिळाली ती फ्रँक स्माइद या गिर्यारोहकामुळे. १९३१ मध्ये कामेत शिखर चढून उतरताना तो आणि त्याचे साथीदार या बाजूला आले. १९३७ मध्ये तो खास झाडं आणि बिया गोळा करायला परत आला आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं. त्याच्याही आधी, १८४८ ते १८५० या काळात, जोसेफ हूकर सिक्कीममध्ये फिरत होता. तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या कितीतरी जाती त्याने पहिल्यांदा शास्त्रीय नोंदीत आणल्या आणि त्यांचं बी ब्रिटनच्या बागांत पोचवलं. सिक्कीम दरबाराला त्याचं तिबेटच्या सीमेपर्यंत हिंडणं मान्य नव्हतं, तरी तो गेला. १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये दरबाराच्या माणसांनी त्याला आणि दार्जिलिंगचा इंग्रज अधिकारी कँपबेल याला अटक केली. काही आठवड्यांनी दोघे सुटले, पण १८५० मध्ये इंग्रजांनी या अटकेचा वचपा म्हणून सिक्कीमचा तराईचा मुलूखच घेऊन टाकला. बिया गोळा केल्या म्हणून मुलूख गेला असं मी म्हणत नाही, राजकारण आधीपासून शिजत होतंच. पण घरमालकाच्या मनाविरुद्ध घरात शिरलेला पाहुणा शेवटी एक खोली ताब्यात घेऊन जातो, तसंच झालं हे. हूकरबरोबर लेपचा माणसं ओझी वाहत होती, झाडांवर चढून फांद्या काढत होती. फुलांना नावं साहेबलोकांची पडली.

निळ्या पॉपीची गोष्ट तर मी दोनदा वाचली. १९२४ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्डने तिबेटमधून एका जातीचं बी ब्रिटनला नेलं आणि तिथल्या बागा त्या निळ्या रंगाने वेड्या झाल्या. हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. उन्हाळ्यात झाड फुलात असताना ते ओळखून जागा लक्षात ठेवायची, आणि बी पिकल्यावर, म्हणजे बर्फ पडायच्या सुमाराला, पुन्हा तोच डोंगर चढायचा. फूल दिसतं तेव्हा बी नसतं आणि बी असतं तेव्हा फूल नसतं, नुसत्या वाळक्या काड्या. तेवढ्यातून नेमकी काडी ओळखायची. या माणसांची चिकाटी मी नाकारत नाही. नवऱ्याने केलेल्या चहात साखर कमी पडली तरी आपण उठत नाही, आणि ही मंडळी वाळक्या काडीसाठी परत हिमालय चढत होती.

पण आमच्या दरीतल्या निळ्या पॉपीबद्दल एक गोष्ट कळली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. ते झाड काही वर्षं नुसत्या पानांवर काढतं. मग एका उन्हाळ्यात फुलतं, बी धरतं आणि मरतं. दुसऱ्यांदा फुलणं नाहीच. म्हणजे मी जे बोंड खुडलं ते त्या झाडाच्या आयुष्यभराच्या कमाईतलं होतं.

आता तुमच्यातली कोणीतरी म्हणेल, अगं, एका बोंडात शेकडो बिया, त्यातल्या रुजतात किती? तशाही वायाच जातात. बरोबर आहे. एका बोंडाने ती जात नाहीशी होत नाही, हे मलाही पटतं. पण 'वाया' कोणाच्या हिशेबाने? आणि हाच हिशेब उद्या माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकीने केला तर? आपण रोज इरियावहियं म्हणताना बी तुडवल्याची आणि हिरवळ तुडवल्याची क्षमा मागतो. चुकून पाय पडला तरी क्षमा, आणि मुद्दाम खुडलं तर 'हौस'! त्यातून तिसरं व्रत आहेच. दिल्याशिवाय घ्यायचं नाही. मला ते कोणी दिलं होतं?

आपल्याकडे तर म्हणतातच की चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं. मनी प्लांटची फांदी तर न विचारता मोडायची रीतच आहे. आणि ब्रह्मकमळ! आपल्या कुंडीतलं, रात्री बारा वाजता फुलणारं, ज्याचे फोटो पावसाळ्यात प्रत्येक ग्रुपवर येतात, ते मुळात अमेरिका खंडातलं निवडुंग आहे. एक पान तोडून मातीत खोचलं की लागतं. एकीने दुसरीला द्यायचं, दुसरीने तिसरीला. त्याने कोणाचं काही बिघडत नाही, मीही चार घरी दिलं आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं. ते देवाला वाहायला तोडतात ते नेमकं फुलात असताना, म्हणजे बी धरायच्या आधी. नाव एक म्हणून सवयही एकच लावली तर कसं चालेल?

आणि बी आपल्याबरोबर न्यायचं, तर ते पुढे काय करणार याचीही जबाबदारी घ्यावी लागते. माझी भाची लेस्टरला असते. तिला मी फोनवर हौसेने बोंडाचं सांगितलं, तर ती म्हणाली, मावशी, इकडे मात्र काही पाठवू नकोस हं. तिथे उन्हाळ्यात हौशी मंडळी कालव्याकाठी जाऊन एक गुलाबी फुलांचं झाड उपटत असतात. ते झाड म्हणजे हिमालयातला तेरडा, आपल्या तेरड्याचा थोरला भाऊ. पुरुषभर उंच होतो. १८३९ मध्ये शोभेचं झाड म्हणून तो ब्रिटनमध्ये नेला. लहानपणी आपण तेरड्याच्या शेंगा बोटात धरून फटकन फोडायचो ना, तशीच त्याची शेंग फुटते आणि बी कित्येक फूट लांब उडतं. एका झाडाला शेकड्यांनी बी. नदीकाठची बाकी झाडं त्याच्या सावलीत दबतात, आणि हिवाळ्यात तो स्वतः मरतो तेव्हा काठ उघडे पडून माती वाहते. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, तिकडे त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली! शेवटी हिमालयातूनच त्याच्यावर पडणारी तांबेऱ्याची बुरशी शोधली, नीट तपासली आणि २०१४ पासून तिथे सोडली. एकाने हौसेने नेलेलं आवरायला पुन्हा त्याच डोंगरात यावं लागलं.

म्हणून कोणी बी गोळाच करू नये का? इथे मी आमच्या काही काकूंशी सहमत नाही. चांग ला खिंडीजवळ, लडाखमध्ये, सतरा हजार फुटांच्या वर २०१० मध्ये आपल्या देशाची बीजपेढी सुरू झाली. तिथे मुळातच इतकी थंडी की बी टिकवायला निसर्ग निम्मं काम करतो. एरवी अशा पेढ्यांत बी नीट वाळवून उणे वीस अंशांत ठेवतात आणि ते कित्येक दशकं टिकतं. भगवती सूत्रात भात-गव्हाची उगवायची शक्ती जास्तीत जास्त तीन वर्षं, मूग-उडदाची पाच, जवस-मोहरीची सात सांगितली आहे. आपल्या कोठीघरात साठवलेल्या धान्याचा तो हिशेब आहे, आणि बी जिवंत असतं, ही त्यामागची समज किती जुनी आहे बघा. उद्या डोंगर तापले आणि ही झाडं वर सरकता सरकता शिखर संपलं, तर त्या पेढीतलंच बी उरेल. तिथे बी घेणारा परवानगी काढतो, थोडंच घेतो, जागा, उंची, तारीख लिहितो. परदेशी माणसाला तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी आधी लागते. त्याच्या पिशवीत आणि माझ्या रुमालात फरक आहे. माझा रुमाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे सरळ गुन्हाच. राष्ट्रीय उद्यानातून परवान्याशिवाय काहीच उचलता येत नाही.

जाता जाता एक. केसांच्या तेलात घालायला जटामांसी आणता ना? तीही त्याच डोंगरांतली, आणि तिचं मूळच वापरतात, म्हणजे झाड उपटूनच येते. १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. पुढच्या वेळी दुकानदाराला निदान विचारा, लागवडीची आहे की जंगलातली. मी विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

बोंडाचं काय झालं ते सांगते. इकडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पेरू नका, आपल्या उन्हाळ्यात रोप जगणार नाही. कोणाबरोबर परत पाठवून तिथे टाकायलाही सांगू नका, इतके महिने कुठेकुठे फिरलेलं बी पुन्हा रानात टाकायचं नसतं. मी म्हटलं, मग तुमच्या संग्रहात ठेवा. त्यावर म्हणाल्या, परवानगीचा कागद नाही, मी कसं ठेवू?

घरी येऊन मी ते कागदी पाकिटात घातलं. वर तारीख लिहिली, जागा लिहिली, आठवली तेवढी खूण लिहिली, आणि खाली 'न विचारता' असं लिहिलं. पाकीट फ्रिजच्या दारात कसुरी मेथीच्या डब्यामागे आहे. दिवाळीची साफसफाई करताना सुनेने विचारलं, मम्मी, हे टाकू का? म्हटलं, राहू दे अजून.