न विचारण्याची सवलत : अमेरिकेतील खासगी बंदूकविक्री

अमेरिकेत बंदूक कोणी बाळगू नये हे १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने ठरवून दिले. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, अमली पदार्थांचे व्यसनी, आदेशाने मनोरुग्णालयात दाखल केलेले असे अनेक अपात्र त्या यादीत आहेत. विक्रीच्या क्षणीच ही अपात्रता तपासली जावी म्हणून १९९३ मध्ये ब्रेडी कायदा आला. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावरील हल्ल्यात कायमचे अपंगत्व आलेले प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांचे नाव त्याला दिले गेले. १९९८ पासून परवानाधारक दुकानदार गिऱ्हाइकाची माहिती एफबीआयच्या यंत्रणेकडे पाठवतो आणि बहुधा काही मिनिटांत होकार किंवा नकार येतो.

हे बंधन परवानाधारकापुरतेच आहे. स्वतःजवळची बंदूक त्याच राज्यातल्या दुसऱ्या रहिवाशाला विकणाऱ्या खासगी व्यक्तीवर संघीय कायद्याने तपासणीची सक्ती नाही. घेणारा अपात्र असल्याचे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना विकणे एवढाच तिचा गुन्हा. परिणामी जो चौकशी करतो तो अडचणीत येऊ शकतो आणि जो काहीच विचारत नाही तो निर्दोष राहतो. खासगी विक्रीलाही तपासणी लागू करावी, या मागणीचे मूळ या विसंगतीत आहे. सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, प्रदर्शनांत आणि जाहिरातींद्वारे होणाऱ्या विक्रीपुरता असा प्रस्ताव सिनेटपुढे आला. त्याला ५४ मते मिळाली. ६० हवी होती.

विरोधकांचा पहिला आक्षेप असा की, गुन्हेगार कायदा पाळतच नाहीत. २०१६ च्या सरकारी कैदी-सर्वेक्षणाचा ते आधार घेतात. गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी ती रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून मिळवली होती. प्रदर्शनातून घेणारे एक टक्काही नव्हते. आकडे खरे आहेत, पण निष्कर्ष त्यांतून निघत नाही. त्याच पाहणीत सुमारे एक चतुर्थांश कैद्यांनी बंदूक नातेवाईक वा मित्रांकडून मिळवल्याचे सांगितले. शिवाय तपासणीची सक्ती होते ती विकणाऱ्यावर, आणि तो बहुधा कायदा पाळणारा असतो. २०१९ मध्ये टेक्सासमधील ओडेसा-मिडलँड परिसरात सात जणांचे बळी घेणारा हल्लेखोर २०१४ च्या तपासणीत नापास झाला होता. पुढे त्याने रायफल घेतली ती खासगी विक्रेत्याकडून. दुकानाने नाकारलेली वस्तू दुकानाबाहेर मिळाली.

दुसरा आक्षेप नोंदवहीचा. तपासणी सार्वत्रिक झाली की सरकारजवळ बंदूकधारकांची यादी तयार होईल आणि उद्या जप्ती येईल, ही भीती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण विक्रीचा काहीच माग नसेल तर सक्ती मोडणारा सापडणे कठीण. मात्र १९८६ च्या कायद्याने केंद्रीय नोंदवहीला मनाई केली आहे, आणि मंजूर तपासणीतील खरेदीदाराची ओळख एफबीआयला २४ तासांत पुसावी लागते. विक्रीचा अर्ज दुकानदाराकडे राहतो. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना तपास यंत्रणा तो मागवते. खासगी व्यवहार दुकानदारामार्फत झाला तरी हीच पद्धत पुरते.

तिसरा आक्षेप जाचाचा : दुकान लांब, शुल्क वेगळे, बापाने मुलाला बंदूक दिली तरी तपासणी. २०१३ च्या प्रस्तावात कुटुंबांतर्गत हस्तांतराला सूट होतीच. कॅलिफोर्नियात खासगी व्यवहार दुकानदारामार्फत करण्याची सक्ती १९९१ पासून आहे, आणि तेथे कायदेशीर बंदूकखरेदी बंद पडलेली नाही. हा आक्षेप सवलती कोठे असाव्यात एवढेच सांगतो. तपासणीच नको, असे त्यातून सिद्ध होत नाही. घटनेचा अडसरही निर्णायक नाही. शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क ठरवणाऱ्या २००८ च्या हेलर निकालातच सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगारांवरील बंदी आणि व्यापारी विक्रीवरील अटी यांना धक्का लावला नाही. खासगी विक्रीचा प्रश्न त्या निकालाने सोडवला नाही, पण शस्त्राच्या हक्काला मर्यादा असतात हे त्यातून स्पष्ट होते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : नुसत्या तपासणीने मृत्यू घटतात, हे सिद्ध झालेले नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तशी घट दाखवू शकला नाही. सँडी हूकमधील शस्त्रे तर हल्लेखोराच्या आईने कायदेशीरपणे घेतलेली होती. समर्थकांनी हे मान्य करायलाच हवे. परंतु याच प्रश्नावरचे दुसरे पुरावे वेगळी दिशा दाखवतात. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूलखरेदीसाठी आधी परवाना घेण्याची अट घातली, तर मिसुरीने तशी जुनी अट २००७ मध्ये काढून टाकली. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना पहिल्या राज्यात बंदुकीने होणाऱ्या हत्या घटल्याचे आणि दुसऱ्यात वाढल्याचे आढळले. परवाना पद्धतीत खरेदीदार आधीच अधिकाऱ्यांपुढे जातो आणि त्याची पात्रता कागदावर येते, त्यामुळे खासगी विक्रेत्यालाही काय पाहायचे ते कळते.

म्हणून योग्य धोरण दुपदरी ठरते. खासगी विक्रीला तपासणी लागू करावी, जवळच्या नात्याला मर्यादित सूट द्यावी, आणि तपासणीला खरेदी-परवान्याची जोड द्यावी. २०२२ च्या द्विपक्षीय कायद्याने ‘धंदा करणारा’ कोण याची व्याख्या रुंदावली, त्यामुळे नफ्यासाठी वारंवार विकणाऱ्या काहींना परवाना घेणे भाग पडले. अधूनमधून विकणारे मात्र बाहेरच राहिले. तपासणी त्यांनाही लागू केल्याने कोणा पात्र नागरिकाचा हक्क जात नाही. १९६८ पासून अपात्र असलेल्यांवरची बंदी दुकानात जशी पाळली जाते, तशी दुकानाबाहेरही पाळली जाईल.