वाचा, पण हात लावू नका!

दर वर्षी जून उजाडला की महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांच्या दप्तरांत बालभारतीची नवी कोरी पुस्तके पडतात. या पुस्तकांच्या आरंभीच्या पानांत बारीक टाइपात एक सूचना छापलेली असते. पुस्तकाचे सर्व हक्क मंडळाकडे राहतील आणि त्यातील कोणताही भाग संचालकांच्या लेखी परवानगीवाचून उद्धृत करता येणार नाही, असा तिचा आशय. मुले ती वाचीत नाहीत, पालक वाचीत नाहीत. आणि शिक्षकाच्या नजरेस ती पडलीच, तर न पाहिल्यासारखे करून त्याला पान उलटावे लागते. कारण ती अक्षरशः पाळावयाची म्हटले, तर ज्या कामासाठी त्याला पगार मिळतो ते कामच निम्मे थांबेल.

ही अतिशयोक्ती आहे, असे कोणास वाटेल. त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीची आठवण करावी. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. सारा महाराष्ट्र हर्षभरित झाला, मंत्र्यांनी हार घातले, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले. पण पारितोषिक देणाऱ्या संस्थेने त्यांच्या कार्यातले नेमके काय गौरविले होते? पाठ्यपुस्तके मुलींच्या मातृभाषेत नव्हती, ती या शिक्षकाने त्यांच्या भाषेत आणली. पानापानावर क्यूआर कोड चिकटवून त्यांना कवितांचे ध्वनिमुद्रण, चित्रफिती आणि स्वाध्याय जोडले. म्हणजे ज्या पुस्तकाला परवानगीवाचून हात लावू नये असे पुस्तकच बजावते, त्याला या शिक्षकाने दोन्ही हात लावले, आणि त्याबद्दलच जगाने त्यांची पाठ थोपटली! गौरवाचे हार आणि मनाईची ती ओळ ही दोन्ही एकाच शिक्षणखात्याच्या अंगणात सुखेनैव नांदतात, याचे कोणालाच काही वाटू नये?

कायदा इतका आंधळा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने शिक्षकाला व विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची नक्कल करण्याची मुभा दिली आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या गाजलेल्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या मुभेचा अर्थ चांगला उदारपणे लावला. पण ही सवलत अध्यापनाच्या ओघापुरती आहे. भाषांतर करणे, रूपांतर करणे आणि ते लोकांपुढे ठेवणे हे त्याच कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे हक्कधारकाचे अधिकार आहेत. धारणीच्या शिक्षकाने केलेले कोरकू रूपांतर त्याच्या वर्गात चालेल. ते चिखलदऱ्याच्या शिक्षकांसाठी त्याने उघडपणे प्रसिद्ध केले की मात्र प्रश्न उभा राहतो. आणि आमच्या मते शिक्षणाचा खरा लाभ या दुसऱ्या पायरीवरच आहे. एका शिक्षकाने रात्र जागून तयार केलेला पाठ शंभर शिक्षकांना मिळाला, त्यांतल्या दहांनी तो सुधारला, तर त्या जागरणाचे चीज झाले. एरवी तो पाठ त्या शिक्षकाच्या बदलीबरोबर शाळेतून जातो.

शिक्षणखात्याचे यावरचे उत्तर ठरलेले असते. पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ व्यासपीठावर मराठी पाठ आहेत. पुस्तकावरील क्यूआर कोडवर मोबाइल धरला की चित्रफीत सुरू होते. आणखी काय हवे? हे सारे खरे आहे आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली तेव्हा ज्या घरांत मोबाइल होता, त्या घरांना या सोयींचा आधार झाला. परंतु फुकट मिळणे निराळे आणि खुले असणे निराळे. देवळात प्रवेश मोफत असतो, म्हणून कोणी गाभारा बदलू शकत नाही. पाठ्यसाहित्य मात्र देवळातल्या मूर्तीसारखे नसून कीर्तनातल्या आख्यानासारखे असावे लागते. आख्यान तेच, पण बुवा कोकणात उभे राहिले की त्यात होडी येते, खानदेशात कापूस येतो, आणि समोर बायाबापड्या बसल्या आहेत की विद्यार्थी, हे पाहून दृष्टांत बदलतो. बुवांना दृष्टांत बदलण्यासाठी पुण्याहून लेखी परवानगी आणावी लागली असती, तर ही परंपरा दोन पिढ्याही टिकली नसती.

मेळघाटातल्या पहिलीच्या मुलाचेच पाहा. त्याची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा; मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. गडचिरोलीतली गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी या द्राविडी. अशा मुलापुढे लोकलगाडीचे डबे मोजण्याचे गणित ठेवले, तर त्याला अडते ते गणितात नव्हे, गाडीत. डब्यांच्या जागी मोहाची फुले आणि निवेदनाच्या जागी घरची बोली घातली की तोच पाठ जिवंत होतो. हे काम पुण्यात बसलेल्या समितीला जमणार नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये. ते तेथल्या शिक्षकानेच केले पाहिजे. प्रश्न इतकाच की, त्याच्या हाती आपण पाठाची मूळ फाइल देतो, की नुसते चित्र देतो?

बहुतेक वेळा चित्रच देतो, आणि कायद्याच्या कुलपाइतकेच हे दुसरे कुलूपही पक्के आहे. पीडीएफ पाहता येते, छापता येते. त्यातले वाक्य बदलणे जिकिरीचे. मराठीच्या बाबतीत तर दुःख दुहेरी आहे. वर्षानुवर्षे आमच्या छपाईची अक्षरजुळणी युनिकोडपूर्व फाँटांत होत आली. त्या फाँटांत ‘क’ हे संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच, भलत्याच चिन्हाला घातलेला तो ‘क’चा मुखवटा असतो. म्हणून अशा पीडीएफमधला उतारा उचलून दुसरीकडे ठेवला की हाती अगम्य चिन्हांची खिचडी येते, आणि शिक्षकाला सबंध धडा पुन्हा टंकावा लागतो. चित्रफितींची कथा याहून वाईट. २०१० च्या आसपास गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणी काढून ‘ई-लर्निंग’चे संच घेतले. त्या काळच्या हलत्या-बोलत्या पाठांत ‘फ्लॅश’ या तंत्राचा मोठा वापर असे, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने फ्लॅशला कायमची रजा दिली. मूळ आराखडा कोणाकडेच नाही, तेव्हा नव्या तंत्रात ते पाठ उतरवून घ्यायचे कसे? अभ्यासक्रमाचे एक प्रकरण बदलले की सारा संच बाद. शेतकऱ्याने वर्गणी दिली ती बंद पेटीसाठी, आणि पेटीची किल्ली राहिली विकणाऱ्याकडे.

दुसरा मार्ग नाही असे मात्र कोणी म्हणू नये. तो मुंबईतच पवईला आहे. तेथील आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणक शिकविणाऱ्या सुमारे दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती काढल्या आहेत. प्रत्येक फितीची संहिता दोन रकान्यांत उघड प्रसिद्ध केलेली असते: एकात वेळ, दुसऱ्यात त्या क्षणाचे निवेदन. पडद्यावरचे चित्र तसेच ठेवून भाषांतरकर्ता फक्त निवेदनाचा रकाना बदलतो, आणि तीच फीत मराठी, तमिळ वा आसामी बोलू लागते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पाचा रिवाजही हाच. त्याच्या विज्ञानविषयक प्रात्यक्षिकांत शब्द आज्ञावलीपासून वेगळे ठेवलेले असतात, म्हणून कोणीही शिक्षक ते आपल्या भाषेत घालू शकतो. मराठीतही ती प्रात्यक्षिके आहेत. या दोन्ही उद्योगांवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा खुला परवाना असतो. केंद्र सरकारला तर हा विचार २०१३ सालीच पटला होता. त्या वर्षी सुरू झालेल्या खुल्या शैक्षणिक साहित्याच्या राष्ट्रीय भांडाराने अट घातली ती एवढीच, की मूळ कर्त्याचे नाव द्या आणि तुमची सुधारलेली कृतीही त्याच अटीवर खुली ठेवा. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने २०१९ च्या नोव्हेंबरात सर्व राष्ट्रांना शिफारस केली तीही खुल्या साहित्याचीच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. हक्क सैल केले की गाइडे छापणारे त्यावर तुटून पडतील, सरकारी पुस्तकाचा मजकूर उचलून गल्ला भरतील. ही भीती खरी. परंतु तिच्यावरचा उपाय त्याच परवान्यांत आहे. ‘व्यापारासाठी वापर नको’ हे कलम घातले की गाइडवाला कायद्याच्या कचाट्यात राहतो आणि धारणीचा शिक्षक मोकळा होतो. सध्याच्या सूचनेत मात्र दोघे एकाच दोरीने बांधलेले आहेत, आणि त्यांत वकील बाळगण्याची ऐपत गाइडवाल्याचीच असते. दुसरी भीती चुकांची. कोणीही फेरफार केला तर अशुद्ध पाठ मुलांपुढे जातील, असे म्हणतात. जातील, काही तर आजही जात आहेत. मंडळाने आपल्या मूळ पाठावर आपली मुद्रा ठेवावी, रूपांतरावर रूपांतरकाराचे नाव असावे, म्हणजे कोणते कोणाचे हे पालकालाही कळेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून राज्यात नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. म्हणून शिक्षणमंत्र्यांकडे आमची मागणी आजच आहे. करदात्याच्या पैशातून होणारा प्रत्येक पाठ खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध व्हावा. त्याची युनिकोडमधील मूळ फाइल, चित्रे आणि संहिता पीडीएफच्या शेजारीच ठेवावीत. चित्रफितींचे कंत्राट देताना मूळ आराखडा शासनाच्या स्वाधीन झाल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. आणि शिक्षकाने केलेल्या रूपांतराची नोंद त्याच्या सेवापुस्तकात व्हावी. यांतल्या पहिल्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही. पुढच्या इयत्तांच्या पुस्तकांतले ते बारीक टाइपातले पान अजून छापावयाचे आहे. त्यावरच्या दोन ओळी खोडून दुसऱ्या दोन लिहावयाच्या, एवढाच हा प्रश्न आहे, आणि त्यासाठी संचालकांना कोणाची लेखी परवानगी लागत असेल तर ती मंत्र्यांनी याच आठवड्यात द्यावी.