प्लास्टिकच्या घोषणा पुरे, आता आत डोकावू या!



प्लास्टिक म्हटलं की शाळेत काय होतं? फलकावर 'प्लास्टिक हटवा', हातात कापडी पिशवी आणि एक प्रभातफेरी. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून तर हे ठरलेलंच. यात चूक काही नाही, पण एवढ्यावर थांबणं अपुरं आहे, असं माझं मत आहे. आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कित्येक मुलांचे पालक कामाला जातात. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गोठतं तेव्हा आत काय घडतं, हे त्या मुलांना कळायला नको का?

घन पदार्थातले कण नीट रचलेले असतात, असं आपण शिकवतो. मीठ-साखरेला हे लागू पडतं. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र ते अर्धंच खरं आहे.

प्लास्टिकचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. वितळल्यावर या साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. थंड होताना साखळी मागे-पुढे दुमडत जाते, अगदी साडीच्या निऱ्यांसारखी. या निऱ्यांचे थर मिलिमीटरच्या साधारण एक लाखाव्या भागाइतके पातळ असतात. एका बिंदूपासून ते चहूबाजूंना वाढतात आणि त्यांचे गोल पुंजके बनतात. पण गुंता पूर्ण सुटत नाही. थरांच्या मधे काही साखळ्या तशाच विस्कटलेल्या राहतात. म्हणून असं प्लास्टिक 'अर्धस्फटिकी'. रचलेला भाग कडकपणा देतो, विस्कटलेला भाग चिवटपणा.

किती भाग रचला जाईल, हे साखळीच्या स्वभावावर आणि थंड होण्याच्या वेगावर ठरतं. साखर तीच, पण सावकाश जमली तर खडीसाखर, पाक पटकन थंड झाला तर काचेसारखी चिक्की! पाण्याच्या बाटलीचं 'पेट' रचनेला मंद. साच्यात झटकन थंड केलं की साखळ्यांना वेळच मिळत नाही. पुढे बाटली फुगवताना ताणामुळे काही साखळ्या रांगेत येतात, पण ते स्फटिक इतके बारीक की प्रकाश अडत नाही. म्हणून बाटली पारदर्शक. डब्या-झाकणांचं पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन रचनेला चपळ. त्यातले मोठे पुंजके प्रकाश विखुरतात, म्हणून रंग न घातलेला डबा दुधट दिसतो.

"चौथीच्या मुलांना हे कशाला?" असं कुणी म्हणेल. नावं नका सांगू. बाटलीचा आणि झाकणाचा एकेक तुकडा तुम्ही स्वतः कापा, बुडबुडे पुसून पाण्यात टाका. बाटलीचा बुडतो, झाकणाचा तरंगतो. (वर्गात प्लास्टिक तापवू मात्र नका.)

बघा, 'प्लास्टिक' ही एकच वस्तू नाही, हे मुलं डोळ्यांनी पाहतात. आणि इथेच खरा प्रश्न आहे. ही दोन प्लास्टिकं एकत्र वितळवली तर नीट मिसळत नाहीत, त्यांची वस्तू कमकुवत होते. म्हणजे पुनर्वापर हवा असेल तर वेगळं करणं आलंच. 'हटवा' म्हणणाऱ्या मुलाला घंटागाडीत काय कुठे टाकायचं ते कळेलच असं नाही. ज्याने ते दोन तुकडे पाहिलेत, तो विचारेल, "बाई, हे कोणतं प्लास्टिक?" मला वर्गात हा प्रश्न हवा आहे. तुम्हाला?